मायक्रोग्रिडचं उद्घाटन नको, डीपीसारखं स्टोअरमध्ये ठेवा

आमच्या सोलापूरच्या घरच्या ग्रुपवर गेले काही दिवस लाईटीवरून जुंपलीय. काकांचं म्हणणं, स्मार्ट मीटर म्हणजे खिशावर दरोडा, बसवू देणार नाही म्हणजे नाही. आतेभावानं सबसिडी घेऊन छतावर ३ किलोवॅटचं सोलर टाकलंय, त्याचं म्हणणं की प्रत्येकानं सोलर टाकलं की संपला विषय. आणि तिसरी पार्टी आहेच, "एनटीपीसीचा कोळशाचा प्लांट आपल्या उशाला, धूर आपल्याला आणि लाईट बाकीच्यांना". मी मधे मायक्रोग्रिडचं, म्हणजे बाहेरची लाईट गेली तरी गल्ली किंवा दवाखाना चालू ठेवणाऱ्या छोट्या व्यवस्थेचं, बोलायला गेलो तर आतेभावाचा लगेच मेसेज, "तुला काय होतंय बे, तिकडं लाईट जातच नाही की."

जाते रे बाबा. मी ह्यूस्टनला राहतो, इथं जाते तेव्हा पार कंबरडं मोडून जाते. फेब्रुवारी २०२१ च्या बर्फात टेक्सासमधली ४५ लाखांवर घरं अंधारात होती, सरकारी आकड्यानुसार २४६ माणसं गेली, आणि राज्याची अख्खी ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, पूर्ण कोसळायला साडेचार मिनिटंच काय ती बाकी होती असं ग्रिड चालवणाऱ्यांनीच नंतर सांगितलं. मग ८ जुलै २०२४ ला बेरिल वादळ आलं, ह्यूस्टन आणि आसपास २२ लाखांवर ग्राहकांची लाईट गेली, काहींची आठवडाभर आली नाही, आणि जुलैतलं ह्यूस्टन म्हणजे घामानं अंगाला चिकटणारं गरम. आमच्या गल्लीत ज्यांच्याकडं गॅसच्या लाईनवर चालणारे मोठे जनरेटर होते त्यांचे एसी चालू, बाकीचे खिडक्या उघड्या टाकून त्या जनरेटरची घरघर ऐकत बसलेले. म्हणजे श्रीमंत देशातसुद्धा शेवटी ज्याच्या दारात जनरेटर त्याच्याच घरी लाईट.

पण या दोन्हींत एक फरक आहे आणि माझा सगळा मुद्दा त्याच्यावरच आहे. २०२१ ला वीज तयारच कमी झाली होती, गॅसच्या विहिरी आणि प्लांट गोठले होते. २०२४ ला वीज भरपूर होती, ती घरापर्यंत आणणारे खांब आणि तारा आडव्या झाल्या होत्या. आता सोलापूर यातलं कुठलं ते सांगा.

माझ्या मते दुसरं. विजेच्या नकाशावर सोलापूर काही कोपऱ्यातलं गाव नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिण भारताची ग्रिड उरलेल्या देशाला जोडली गेली ती रायचूर-सोलापूर या ७६५ केव्हीच्या लाईननं, तोवर दक्षिणेची ग्रिड वेगळी पळत होती. त्यानंतर फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० चे दोन युनिट आले, १३२० मेगावॅट. एवढं सगळं असून वळवाचा पहिला पाऊस पडला, वारं सुटलं की फीडर (एका भागाला वीज नेणारी लाईन) ट्रिप, कुठंतरी फांदी पडली, कुठं इन्सुलेटर फुटला, कुठं डीपी, म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, जळाली. गडबड होते ती शेवटच्या पाच-दहा किलोमीटरमधे. तिथं मागं १३२० मेगावॅट असो की ५०००, काडीचा फरक पडत नाही. पूर्व भागात माग चालवणाऱ्याला विचारा, लाईट दोन मिनिटं गेली तरी माग बंद, धागे तुटतात, परत चालू केला की टॉवेलवर रेघ उठते आणि तो नग सेकंडमधे जातो, आणि कामगाराला पैसे नगावर असतात त्यामुळं ती दोन मिनिटं त्याच्याच पगारातून कापली जातात. रोजच्या भाराच्या हिशोबात ही दोन मिनिटं कुठं दिसतसुद्धा नाहीत.

आता आतेभावाचं सोलर. मे महिन्यात भर दुपारी, ऊन असं की पाखरू बाहेर दिसत नाही, छतावरचे पॅनल ठणठणीत, आणि गल्लीची लाईट गेली की याच्याही घरात पंखा बंद. बसवणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं म्हणून हा त्याच्यावर भडकलेला. अरे पण ते बंद पडायलाच पाहिजे! लाईन दुरुस्त करायला वायरमन खांबावर चढलाय आणि तुझ्या छतावरचा करंट उलटा लाईनीत गेला तर तो वरच चिकटेल. म्हणून ग्रिड गेली की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो, नियमच आहे तो. घर चालू ठेवायचं असेल तर बॅटरी पाहिजे, लाईनपासून स्वतःला तोडून घेणारा स्विच पाहिजे, आणि ग्रिड नसताना स्वतः व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी धरून ठेवेल असा इन्व्हर्टर पाहिजे. हेच घराऐवजी गल्लीला, दवाखान्याला, वीस मागांच्या शेडला केलं की त्याला मायक्रोग्रिड म्हणतात. एरवी ग्रिडला जोडलेलं, ग्रिड गेली की आपलं आपण चालू, आली की परत जोडलेलं. शेतीच्या फीडरसाठी सरकार सौर कृषी वाहिनीचे जे प्लांट लावतंय त्यांचंही तेच, नुसते पॅनल आहेत तोवर लाईन गेली की तेही ऊन बघत बसणार.

आणि हे काही अमेरिकेतून आणायचं खूळ नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत, बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वाफ आणि वीज दोन्ही करणारे (त्यालाच को-जन म्हणतात) त्यात कमी नाहीत, गाळप चालू असताना बाहेरची लाईन ट्रिप झाली तरी को-जनवाला कारखाना लाईनपासून तुटून स्वतःच्या टर्बाईनवर चालू राहू शकतो. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मधे विमानतळासाठी पाडली तेव्हा अख्खं गाव दोन गटांत भांडलं, पण ती चिमणी को-जनची होती आणि को-जन म्हणजे नेमकं काय, हे त्या भांडणात फार कुणी बोललं नाही. असो, तो जखमेवरचा विषय आहे, काकांसमोर काढत नाही मी.

मग हे सगळीकडं का नाही? महाग पडतं म्हणून. आणि महाग का पडतं हे जरा नीट बघायला पाहिजे, कारण पॅनल आणि बॅटरी तर धडाधड स्वस्त झाल्यात. बॅटरी पॅकचा जगातला सरासरी भाव, गाड्यांच्या बॅटऱ्या धरून, २०२४ मधे किलोवॅट-तासाला ११५ डॉलरवर आला. म्हणजे १०० किलोवॅटचा भार दोन तास ओढायचा तर नुसते पॅक वीस लाख रुपयांच्या घरात, पुढं इन्व्हर्टर, पॅनल, बसवणी वेगळी. खरा खर्च वाढतो तो प्रत्येक मायक्रोग्रिड नव्यानं डिझाईन करण्यात, म्हणजे लग्नाचा सूट शिवल्यासारखं, प्रत्येकाचं माप वेगळं, कापड वेगळं, शिंपी वेगळा. वेगळा कंट्रोलर, वेगळं सॉफ्टवेअर, बिघाड झाला की लाईन तोडणाऱ्या रिलेचं वेगळं सेटिंग (ते सेटिंग करण्यात माझं पोट चालतं, म्हणून मला हे माहितीय, आणि खरं सांगायचं तर हे सगळं एकसारखं झालं तर माझंच काम कमी होणार). अमेरिकेच्या नॅशनल रिन्युएबल एनर्जी लॅबनं २०१८ मधे इथल्या मायक्रोग्रिडचे खर्च काढले होते, वस्तीच्या मायक्रोग्रिडला मेगावॅटमागं सरासरी खर्च २१ लाख डॉलर, व्यापारी जागांच्या मायक्रोग्रिडला ४० लाख. जवळपास दुप्पट!

टेक्सासनं बर्फातून शिकून २०२३ मधे कायदा केला, त्यात मला आवडलेली गोष्ट ही की पैसे देतानाच डिझाईन ठरवायचं म्हणाले: दवाखाना, वृद्धाश्रम, पाण्याची स्टेशनं अशा ठिकाणी एकसारखं बॅकअप पॅकेज, सोलर, बॅटरी आणि गॅस किंवा प्रोपेनचं जनरेटर एकत्र, जास्तीत जास्त अडीच मेगावॅट, ४८ तास चालणारं, आणि किलोवॅटमागं ५०० डॉलर अनुदान. कागदावर झकास. पण कायद्यानंतर वर्षभरानं बेरिल आलं तेव्हा ते कागदावरच होतं, समित्या आणि अहवाल चालू होते. तेव्हा अमेरिकेचं कौतुक ऐकवायला मी लिहीत नाहीये.

उलट मला वाटतं हे काम आपल्याला जास्त जमेल, कारण डीपी. आपल्याकडं ट्रान्सफॉर्मर कुणी डिझाईन करत बसत नाही. आयएस ११८० हे स्टँडर्ड आहे, ६३ ची, १०० ची, २०० ची असे ठरलेले साईज आहेत, जळाली की शेतकरी वर्गणी काढतात, साहेबाला फोन करतात, ट्रॅक्टर आणतात, स्टोअरमधून दुसरी आली की बसली. भानगडी भरपूर, पण "१०० ची डीपी" म्हटलं की ऑफिसातल्या क्लार्कपासून वायरमनपर्यंत सगळ्यांना कळतं. मायक्रोग्रिडचं तसं व्हायला पाहिजे. ५० ची पेटी, १०० ची पेटी, २५० ची पेटी, सगळीकडं तोच कंट्रोलर, तेच कनेक्टर, कुठल्याही कंपनीची बॅटरी चालेल अशी. एकदा टेस्ट करून पास, मग हजारोंनी खरेदी. एलईडी बल्बचं आपण हेच केलं, २०१४ मधे सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मधे ३८ रुपयांवर आला, कारण माल एकसारखा आणि ऑर्डर कोटींची. पेटीचा भाव इतका पडणार नाही, पण डिझाईनवर जाणारा पैसा वाचेल.

काका लगेच म्हणतील, बिहारचं धरनई बघ. बघितलंय. जहानाबाद जिल्ह्यातलं गाव, २०१४ मधे १०० किलोवॅटची सोलर मायक्रोग्रिड लागली, गाजावाजा झाला, पाठोपाठ सरकारी लाईन स्वस्त दरात आली, बॅटऱ्या थकल्या, त्या कुणी बदलल्या नाहीत, आणि त्या जागेचा शेवटी गुरांचा गोठा झाला. पण ते मायक्रोग्रिड ग्रिडच्या ऐवजी, ग्रिडशी स्पर्धा करत उभं होतं. मी म्हणतोय ते ग्रिडच्या पोटात, त्याच फीडरवर, त्याच बिलात.

सोलापुरात सुरुवात कुठं करायची तर उजनीवर नको. तिथले पंप गेले की शहराचं पाणी एक दिवस पुढं ढकललं जातं हे खरंय, आणि आधीच पाणी किती दिवसांआड येतं ते आईला विचारा, पण ते पंप दांडगे, तिथं पेट्या लावण्यापेक्षा दुसरी पक्की लाईन द्या. पेटी शोभेल ती सिव्हिलच्या वॉर्डांना, शहरातल्या पाण्याच्या टाक्यांवरच्या छोट्या पंपांना, तालुक्यातल्या लशींच्या फ्रिजना, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या छोट्या शेडना, आणि कुंभारीच्या रे नगरसारख्या वस्तीला, जिथं विडी आणि यंत्रमाग कामगारांची हजारो घरं एका ठिकाणी, एका मापाची उभी आहेत. मालकी महावितरणचीच ठेवावी, काका ओरडले तरी, कारण रात्री दोन वाजता चढणारा वायरमन त्यांच्याकडं आहे, ठेकेदाराकडं नाही. आणि हो, पेटी चालवायची तर कुठला भार किती हे कळायला काकांचा नावडता स्मार्ट मीटर लागणारच, तिथं मी त्यांच्या बाजूनं नाही. बॅटरी बदलायचा पैसा मात्र पहिल्याच टेंडरमधे वेगळ्या खात्यात टाकलेला असावा, आणि त्याला दुसऱ्या कुठल्या कामासाठी हात लावता येऊ नये.