मामांची बाजू घेणाऱ्या वाचकास

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सणसणीत आहे. तिला दोन ओळींत वाटेला लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भोसरीतल्या आमच्या मशीन शॉपमधल्या एका जुन्या सेटरवर, म्हणजे मशीन कामासाठी जुळवून देणाऱ्या कारागिरावर, माझा लेख होता. हातात कला आहे, पण ‘माझ्यावाचून यांचं अडतं’ हे डोक्यात पक्कं बसलेलं. शॉपवर सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. त्यावर तुम्ही म्हणता की चौदा वर्षं घाम गाळलेल्या माणसाला मी सुस्तावलेला ठरवलं, लेख मालकाच्या चष्म्यातून लिहिला, आणि पगार वाढवला असता तर मामा आपोआप सरळ झाले असते.

पगाराचं आधी. ओव्हरटाइमला दुप्पट दर, कायद्यात बसणाऱ्याला किमान ८.३३ टक्के बोनस, नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी, हे मागणाऱ्याला कुणी माजलेला म्हणत असेल तर त्याच्याशी माझंही भांडण आहे. मामांची यातली एकही तक्रार नव्हती. पगारवाढ ठरल्या वेळी झाली आणि वाढीनंतरचा महिना आधीच्या महिन्यासारखाच गेला. मनात खदखद असलेला माणूस ती मिटली की मोकळा होतो, कामातही ते दिसतं. इथे काहीच हललं नाही.

आता चष्म्याचं. पंप हाउसिंगचा, म्हणजे पंपाच्या कवचाचा, ५२ मिलिमीटरचा बोअर (आतलं गोल भोक), टॉलरन्स, म्हणजे मापातली मुभा, एच-सेव्हन. म्हणजे ५२.००० ते ५२.०३०, सगळी मुभा ३० मायक्रॉनची, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, झिजतो तसा बोअर लहान निघू लागतो, म्हणून दर पाचव्या जॉबला (मशीनवरच्या नगाला) भोक मोजायचा बोअर गेज लावायचा, आकडा तक्त्यात लिहायचा, लागेल तसा ऑफसेट देऊन मशीनचं माप सरकवायचं. मामांच्या पाळीचा तक्ता काढून बघितला तर सकाळी सातपासून साडेतीनपर्यंत एकाच शाईत, एका दमात लिहिलेलं: ५२.०१५, ५२.०१५, ५२.०१५. मधे इन्सर्ट बदलला तरी आकडा ढिम्म! दुसऱ्या पाळीला आयटीआय करून आलेला एक पोरगा येतो. तो पहिलाच जॉब तपासतो आणि गेज दाखवतो ५१.९९२. मग मागची सगळी रास उपसायची, एकेक जॉब मोजायचा, लहान निघालेले पुन्हा मशीनवर चढवायचे. त्यात त्याचं स्वतःचं उत्पादन पडतं आणि महिन्याच्या इन्सेंटिव्हला कात्री लागते ती त्याच्याच. मालकाला यातलं जेमतेम कळतं. मामांच्या आरामाचे हप्ते तो पोरगा भरतो. तोही कामगारच आहे ना? वर कंत्राटी, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही. तुमच्या प्रतिक्रियेत तो कुठेच नाही, हीच माझी मुख्य तक्रार आहे.

‘अशी माणसं मालकच तयार करतात’ हे तुमचं वाक्य मला निम्मं पटतं. मालकापेक्षा जास्त आमच्यासारखे मधले लोक तयार करतात. उशीर झाला, हसून सोडलं. तक्ता खोटा भरला, ‘मामा आहेत, जाऊ दे.’ जॉब पकडणारं फिक्स्चर कुठे बसवायचं, कशाखाली किती शिम (पातळ पट्ट्या) घालायच्या, हे सगळं मामांच्या खिशातल्या डायरीत. ती डायरी जोवर खिशात आहे तोवर सुपरवायझर त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलत नाही, आणि हे मामांना आपल्याहून चांगलं ठाऊक असतं.

म्हणून इलाज डायरीपासून सुरू केला. सेटिंगचे फोटो आणि मापं लिहून शीट मशीनवरच लावली, सेटिंगच्या वेळी पोराला शेजारी उभं केलं. कोणाला कुठलं काम किती येतं ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या तक्त्यात, स्किल मॅट्रिक्समध्ये, प्रत्येकाच्या गोलाचा चौथा भाग दुसऱ्याला शिकवल्याशिवाय भरत नाही, हा नियम होताच. तो मामांनाही लावला. बोलणं मात्र शॉपवर नाही, केबिनमध्ये. टेबलावर तक्ता आणि तो जॉब ठेवला. “मामा, सही तुमचीच ना?” ते म्हणाले, “गेज बिघडलं असेल.” गेज तपासायच्या पक्क्या मापाच्या रिंगवर लावून दाखवलं, बरोबर शून्यावर. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. त्यानंतर ‘वागणूक सुधारा’ असलं मोघम काही न म्हणता एवढंच ठरवलं की आकडे त्या त्या वेळी लिहायचे आणि महिनाभर पाळी सुटताना मी तक्ता बघणार.

‘शेवटी काढूनच टाकणार ना?’ असंही तुम्ही विचारलंय. नाही. आरोपपत्र, खुलासा, खातेनिहाय चौकशी हा सगळा रस्ता मला माहीत आहे. निलंबित केलं तर पहिले ९० दिवस अर्धा पगार द्यावा लागतो हेही. पण ज्याच्याशी इतक्या वर्षांत कुणी समोर बसून नीट बोललेलं नाही, त्याच्या हातात पहिला कागद आरोपपत्राचा ठेवणं मला भ्याडपणाचं वाटतं.

तक्ता आता खरा भरला जातो. शिकवतात कुरकुरत, पण शिकवतात. पहिली पाळीच हवी हा हट्ट मात्र कायम आहे आणि तिथे माझं काही चालत नाही, कारण बाकीचे जुने लोकही त्यांच्या मागे उभे राहतात. तुम्ही युनियनच्या कमिटीवर होता असं लिहिलंय. तुमच्याकडे जुन्या लोकांना पाळ्यांच्या रोटेशनमध्ये कसं आणलं होतं, ते जरूर लिहा.