नॉनवोव्हनची पद्धत कापडावरच दिसते

भाचा नॉनवोव्हनचं, म्हणजे न विणता तंतू एकमेकांत जोडून केलेल्या कापडाचं, युनिट टाकतोय. परवा त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, मग पेटंटचं टेन्शनच नाही!” मी वाचला आणि कपाळाला हात लावला. मेसेज म्हणतो: वस्तू बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट कोर्टात सिद्धच होत नाही, कारण कारखान्यात काय चालतं ते कुणाला दिसत नाही, दहा टक्के बदल केला की सुटलात, माल आयात केला तर प्रश्नच मिटला, आणि मेल्टब्लोन (वितळलेलं प्लास्टिक गरम हवेच्या झोतात ओढून बारीक तंतू करायची पद्धत) तर कुणाच्याच मालकीचं नाही.

पहिल्या वाक्याने माणूस बुडेल. भिंग घेऊन बघा. बहुतेक स्पनबॉन्डवर (वितळलेल्या प्लास्टिकचे सलग तंतू पसरून केलेलं कापड) तापलेल्या कॅलेंडर रोलरने दाबलेले ठिपके सारख्या अंतरावर दिसतात. ठिपक्यात तंतू वितळून चपटे झालेले असतात. स्पनलेसमध्ये पाण्याच्या धारांनी तंतू गुंतवतात. उजेडासमोर धरलं तर पुष्कळदा धारांच्या लांब बारीक रेघा दिसतात. नीडलपंचमध्ये सुयांनी तंतू आत ओढलेले असतात.

बनवताना वापरलेल्या हवेचं तापमान, वेग कापडावरून वाचता येत नाही, हे मान्य. पण कायद्याने नेमकी हीच अडचण धरली आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स कराराचं कलम 34 वाचा. पेटंटच्या पद्धतीने निघालेली वस्तू नवी असेल, किंवा तीच पद्धत वापरल्याची दाट शक्यता असूनही रास्त प्रयत्नांनी मालकाला ती शोधता आली नसेल, तर यापैकी किमान एका परिस्थितीत तशीच वस्तू पेटंटच्याच पद्धतीने बनली असं धरण्याची तरतूद सदस्य देशाने करायची आहे. मग “आमची पद्धत वेगळी” हे तुम्ही सिद्ध करायचं. बॅचच्या नोंदी नसतील तर कशाच्या जोरावर करणार?

आयातीचं उत्तर त्याच कराराच्या कलम 28 मध्ये आहे: ज्या देशात पेटंट आहे तिथे त्या पद्धतीने थेट मिळालेली वस्तू विकणं आणि विकण्यासाठी आयात करणंही मालकाच्या परवानगीशिवाय चालत नाही. दहा टक्क्यांचा नियम निव्वळ थाप. पेटंटच्या दाव्यातला (नेमकं काय राखलंय ते सांगणाऱ्या मजकुरातला) एकेक घटक जुळवून बघतात, आणि तेच काम तशाच रीतीने करणारा किरकोळ बदल अनेक देशांत उल्लंघनच ठरू शकतो.

मेल्टब्लोनचं अर्धं खरं आहे. या पद्धतीवरचा संशोधक वेंटे यांचा लेख 1956 चा, एक्सॉन कंपनीचं अमेरिकी पेटंट 1974 चं. ते कधीच संपलं. मूळ पद्धत मोकळी आहे, पण डायची रचना, तंतूंना विद्युतभार देणं यांतल्या सुधारणांवर नवी पेटंटं निघतात आणि ती अर्जापासून 20 वर्षं टिकू शकतात.

भाच्याला सांगितलं, मशीनचा ॲडव्हान्स देण्याआधी पेटंट वकिलाकडून दावे वाचून घे, आणि पुरवठादाराची पेटंटबद्दलची हमी करारात लिहून घे.