अंड्यावरचा शिक्का

गेल्या दिवाळीत नाशिकला व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा फराळाची चौकशी संपण्याआधीच माझ्या मामेभावाने विषय काढला. "ताई, तुमच्या नेदरलँड्समध्ये मांसाच्या जाहिरातींवरसुद्धा बंदी आली. मग आपल्याकडे शाळेतल्या पोरांना अंडी कशाला? जग शाकाहाराकडे निघाले आहे आणि आपण उलटे चाललो आहोत." त्याने हार्लेमची बातमी वाचली होती आणि बातमी खरी होती. त्या शहराने सार्वजनिक जागांवरच्या मांसाच्या जाहिराती २०२४ पासून बंद करायचे ठरवले होते. इकडे महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे, असा निर्णय घेतला. त्यावर विरोध उठला आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा निधी बंद करून, शाळांनी हवे तर लोकवर्गणीतून ती द्यावीत, असे सांगितले गेले. मामेभाऊ या माघारीचे समर्थन मी राहते त्या हार्लेमच्या नावाने करत होता. त्या रात्री मला झोप आली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

हार्लेमने जे केले त्यामागची परिस्थिती त्याच्या बातमीत नव्हती. सुमारे १ कोटी ८० लाख माणसांच्या या देशात एक कोटीच्या आसपास डुकरे आहेत, गाई आणि कोंबड्या वेगळ्या. त्यांच्या मलमूत्रातून उठणाऱ्या अमोनियातल्या नायट्रोजनने इथली माळराने आणि जंगले खराब होत आहेत. २०१९ च्या मे महिन्यात न्यायालयाने नायट्रोजनबाबतचे सरकारी धोरण रद्दबातल ठरवले आणि ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर हेगमध्ये येऊन उभे राहिले. मी त्या दिवशी दोन तास ए-१२ महामार्गावर अडकले होते. थोडक्यात, इथला वाद अति खाण्याचा आहे आणि ज्यांच्या ताटात रोज मांस पडते त्यांना ते कमी करा म्हणून सांगितले जात आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा किंवा पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या शाळेत नागलीची भाकरी आणि पातळ वरण खाणाऱ्या मुलीला हाच सल्ला द्यायचा, यात पर्यावरणाची काळजी कुठे आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रतीची प्रथिने असतात, आणि डाळभातातून अजिबात न मिळणारे बी-१२ असते. त्या मुलीचे आईवडील घरी कोंबडी, मासे, खेकडे खातात. तिच्या ताटातले अंडे काढून घ्यावे, असे तिच्या घरातल्या कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. ते म्हणणारे नाशिकच्या सुखवस्तू कॉलेज रोडवर राहतात.

पर्यावरणाचाच हिशेब करायचा असेल तर तो पुरता करावा. ११९ देशांतल्या सुमारे ३८ हजार शेतांची आकडेवारी एकत्र करून २०१८ साली 'सायन्स'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मांस, मासे, अंडी आणि दूध यांच्यासाठी जगातली ८३ टक्के शेतजमीन लागते आणि त्यातून उष्मांक मिळतात फक्त १८ टक्के, हा त्यातला निष्कर्ष मांसाहाराविरुद्ध नेहमी सांगितला जातो. त्या ८३ टक्क्यांत दूधही आहे, हे सांगायचे मात्र राहून जाते. त्याच अभ्यासात किलोमागे चीजचे उत्सर्जन कोंबडीच्या मांसापेक्षा जास्त आणि अंड्यांच्या कितीतरी पट आहे. माझा मामेभाऊ दर शनिवारी मुलांना दुप्पट चीजचा पिझ्झा खाऊ घालतो आणि त्याला शुद्ध शाकाहार म्हणतो. नीतीचा प्रश्नही तिथेच येऊन थांबतो. दूध हवे तर गाय वारंवार व्यायला हवी, आणि तिला झालेल्या गोऱ्ह्याचे पुढे काय करायचे, हे इथल्या शेतकऱ्याला जितके ठाऊक आहे तितकेच निफाडच्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर आमच्याकडे थकलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरले नाही. त्याचा भार कोणी उचलायचा, हे श्रीखंडाच्या पंगतीत कोणी विचारत नाही.

माझ्या फ्रीजमध्ये आत्ता सहा अंडी आहेत. प्रत्येकावर तांबडा शिक्का आहे आणि त्यातला पहिला आकडा शून्य आहे. शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे मोकळ्यावर फिरणारी कोंबडी, दोन म्हणजे शेडमधली, तीन म्हणजे पिंजऱ्यातली. दुकानात उभे राहून मी हा आकडा बघते, खोक्यावरचे प्राणीकल्याणाचे तारे मोजते, किंमत बघते आणि बहुतेक वेळा शून्याचीच घेते. या निवडीचा मला अभिमान आहे, हे मी लपवत नाही. मात्र अंडी घालू न शकणारी नर पिल्ले या व्यवसायात बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी मारली जातात, आणि शून्याच्या शिक्क्याने ते चुकत नाही, हेही मला माहीत आहे. निफाडला आजीच्या अंगणात सात-आठ गावरान कोंबड्या होत्या. त्या उकिरड्यावर चरत, रात्री पाटीखाली झाकल्या जात. अंडी कमी मिळत. पण कोंबडा झाला म्हणून कोणी पिल्लू मारत नसे. आजीच्या अंड्यावर शिक्का नव्हता आणि तिला नीती कोणी शिकवायलाही आले नव्हते.

आरोग्याचेही तसेच आहे. दादाची द्राक्षे निर्यात होतात. २०१० साली सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश प्रतिकिलो ०.०५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते आणि त्या हंगामात आमच्या घरात आठवडाभर कोणी धड जेवले नव्हते. तेव्हापासून दादा फवारणीची वही देवाच्या पोथीसारखी जपतो. आता फेब्रुवारीत इथल्या दुकानात 'इंडिया' लिहिलेला अर्ध्या किलोचा डबा दिसला की मी तो उचलते. इथली सहकारी म्हणते की इतक्या लांबचे फळ घेणे बरे नव्हे. मी तिला सांगते की 'सायन्स'मधल्या त्याच अभ्यासानुसार अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जेमतेम सहा टक्के आहे, आणि इथल्या वेस्टलँड भागातल्या, गॅसवर तापवलेल्या काचघरातला तिचा टोमॅटो जहाजाने आलेल्या माझ्या द्राक्षांपेक्षा जड पडू शकतो. हे खरे आहे. पण तो डबा मी त्यासाठी घेत नाही. नाशिकच्या मंडईत मिळणाऱ्या द्राक्षांची तपासणी इतकी काटेकोर होत नाही, आणि अंड्यावरून भांडणाऱ्यांना त्याबद्दल कधी काही बोलावेसे वाटत नाही, याचा मला राग येतो.

माझ्या मुलीच्या शाळेत सहलीआधी फॉर्म येतो. आहाराच्या रकान्यात कोणी हलाल लिहितो, कोणी शाकाहारी, कोणी शेंगदाणे नकोत म्हणून लिहितो, आणि त्यावरून पालकांच्या बैठकीत कोणी कोणाकडे वळून बघत नाही. दादाने नाशिकच्या गंगापूर रोडला फ्लॅट बघितला तेव्हा सोसायटीतल्या गृहस्थांनी पहिला प्रश्न "व्हेज की नॉनव्हेज?" हाच विचारला होता. दादा खोटे बोलला नाही, म्हणून फ्लॅट मिळाला नाही.

मी स्वतः सहा वर्षांपूर्वी मटण सोडले. आकडे वाचले, पटले आणि सोडले. इथे ते सोपे गेले. आईला फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "तिकडं कुणी काही बोललं का गं तुला?" तिच्या आयुष्यात मटण न खाण्याबद्दल जे कोणी बोलले होते ते तिला खाली बघायला लावणारेच बोलले होते, त्यामुळे आपल्या लेकीलाही कोणीतरी लाजवले असणार, एवढेच तिच्या मनात आले. मी तिला मिथेनबद्दल, जमिनीबद्दल सांगितले. सांगताना माझाच आवाज मला मामेभावासारखा वाटला, आणि मी मध्येच थांबले. माझी कारणे वेगळी आहेत, हे मी अजूनही ठामपणे म्हणते. पण गंगापूर रोडवरच्या त्या गृहस्थांना मी आता चालणारी भाडेकरू आहे आणि माझा दादा नाही, हे मला सहन होत नाही.

जानेवारीत घरी गेले तेव्हा रविवार होता. काळ्या मसाल्याचा वास जिन्यातच आला. मी आईला म्हणाले, "रस्सा वाढ, फोडी नकोत." तिने ऐकले न ऐकल्यासारखे करून नेहमीसारखेच वाढले, मग माझ्याकडे बघितले, माझ्या ताटातल्या दोन फोडी उचलून स्वतःच्या ताटात घेतल्या आणि माझ्या भाकरीवर आणखी एक पळी रस्सा ओतला.