सुकं वेगळं, खारं वेगळं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कुत्र्याला खाऊ म्हणून सुकी मासळी द्या, या माझ्या लेखावर तुम्ही खानापुरातून लिहिलंत: 'मिठानं कुत्र्याची किडनी जाते. लोकांना भलतं शिकवू नका, पाकिटातली बिस्किटं काय वाईट आहेत?' तुमचं कुत्रं किडनीच्याच दुखण्यानं गेलं हे वाचल्यावर राग कुठून आला ते कळलं.

आधी माझी चूक. 'सुकी मासळी' एवढंच लिहून मी मोकळा झालो, वर 'बांगडाही चालेल' असंही ठोकून दिलं. चालत नाही. बोंबील उन्हावाऱ्यात टांगून वाळवतात, त्याला सहसा मीठ लागत नाही. खारा बांगडा मिठात मुरवूनच वाळवलेला. पोटात बोट फिरवलं तर खडे लागतात. भिजवून मीठ कमी होतं, जात नाही. आणि किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्याला बोंबीलसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तिथं तुमचंच बरोबर.

पण निरोगी कुत्र्याची किडनी एका तुकड्यानं जाते, हे नाही पटत. मिठाची विषबाधा साधारण किलोमागे 2 ग्रॅम मीठ पोटात गेल्यावर दिसू लागते: उलट्या, तहान, अंगाला कंप. आमचा शेरू 14 किलोचा, म्हणजे 28 ग्रॅम मीठ. बोंबलाच्या तुकड्यात एवढं कुठून येणार? बिस्किटांबद्दल काय बोलू, बहुतेकांत मैदा असतो. द्यायची तर द्या.

मी बाजारात मावशीकडं बोंबलाचं टोक मोडून जिभेला लावतो. खारट लागला की परत ठेवतो. 'कुत्र्यासाठी एवढी चव बघतोस, बायकोसाठी बघतोस की नाही?' असं ती दरवेळी विचारते. घरी डोकं काढायचं, कोरड्या तव्यावर भाजायचा, तेल-तिखट काही नाही. मग नखाएवढे तुकडे. वजनकाट्यावर ठेवून 4 ग्रॅम, आठवड्यातून दोनदा, शेजारी पाण्याची वाटी भरलेली.

खरी भीती मला मिठापेक्षा पावसाची वाटते. 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून आपण मे महिन्यातच डबे भरतो. आणि तुमच्या खानापूरच्या पावसात डबा एकदा नीट लागला नाही की बोंबलावर बुरशी. असला बोंबील भाजूनही देऊ नका, सरळ टाकून द्या.

श्रावणात आमच्या घरी मासे बंद. तवा मग परसात, चुलीवर. तरी आई आतून ओरडतेच, 'वास येतोय की रे!' शेरू मात्र त्या महिन्यात चुलीपासून हलत नाही.

लेखातलं बांगड्याचं वाक्य आज काढलंय. त्या जागी 'खारी मासळी कुत्र्याला देऊ नये' असं लिहिलंय, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.