खाडीकाठच्या शांततेची वाट कशी लावावी

मुंबईत एखादी शांत जागा अजून शिल्लक आहे असं कळलं की आपल्याला चैन पडत नाही. साहजिक आहे. म्हणून खाडीकाठच्या उद्यानात पहिल्यांदाच निघालेल्या बंधुभगिनींसाठी हे थोडं मार्गदर्शन. मी स्वतः गेल्याच रविवारी हा अभ्यासक्रम पुरा करून आले आहे. उद्यानाचं नाव विचारू नका. सांगितलं तर या रविवारी तिथे पाणीपुरीची गाडी लागेल आणि पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी सौजन्याने ‘आय लव्ह अमुकतमुक’चे दिवे.

तर पहिली गोष्ट, भरती-ओहोटीचं कोष्टक बघत बसू नका. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला आणि पाणी पावलाएवढं उरलं की रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, चरायला उतरतात, मान खाली घालून, चोच उलटी करून, तास न् तास. ही वेळ साधायला पहाटे उठणारी माणसं वेगळी. आपण नाश्ता करून निघावं आणि ऐन भरतीला पोचून म्हणावं, ‘काय ते फ्लेमिंगो फ्लेमिंगो, इथे तर नुसतं पाणी आहे.’

गाडी फाटकाला चिकटून लावा. चालायला आलो म्हणून काय गाडीपासून चालायचं?

खायला भरपूर न्या, पण डबा नको, पाकिटं न्या. तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, श्वासमुळं चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी वर आलेली दिसतील. त्यांतून झाड हवा घेतं, असं वनस्पतिशास्त्रवाले म्हणतात. आपल्याला दिसतं ते इतकंच, की वेफर्सची रिकामी पाकिटं अडकवायला निसर्गाने आयते खिळे ठोकून ठेवलेत. २०२० साली महाराष्ट्राने पांढरी चिप्पी हे खारफुटीचं झाड राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं. राज्याचा वृक्ष म्हटल्यावर त्याच्या अंगावर काहीतरी शोभेचं नको का?

मुलांना निसर्गाची गोडी लावा. चिखलात उड्या मारणारे निवटी मासे दिसले की त्यांच्या हातात दगड द्या.

निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट टाका. देवाला सुटं आवडत नाही.

आता मुख्य विषय, स्पीकर. स्पीकरशिवाय खाडीवर जाणं म्हणजे बिनमिठाची आमटी. तो डब्याएवढाच हवा, पण आवाज विसर्जनाच्या मिरवणुकीचा. गेल्या रविवारी आम्ही पावणेसातला पोचलो, मी आणि आई. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. महिन्यापूर्वी तिच्या दुसऱ्याही डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर तिने मागितलं काय, तर ‘ते गुलाबी पक्षी मला एकदा धड बघायचेत. इतकी वर्षं नुसते पांढरे डागच दिसले.’ मग थर्मासात चहा, घडीचं स्टूल, तिचा तो डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा, असा सगळा लवाजमा घेऊन आम्ही निघालो. ओहोटी नुकती लागली होती. पक्षी लांब होते, पण चिखल उघडा पडत गेला तसे पाऊल पाऊल जवळ सरकत होते. आई स्टुलावर बसून मोजत होती. दोनशेपर्यंत गेली, मग चुकली, मग पुन्हा पहिल्यापासून. इतकी शांतता होती की पाण्यात चोची फिरल्याचा चुबुकचुबुक आवाज येत होता.

तेवढ्यात वाढदिवस आला.

दहा-बारा जण होते. स्पीकर कठड्यावर ठेवला. समुद्र म्हणून पहिला मान कोळीगीताचा, त्याबद्दल तक्रार नाही. नंतर जे लागलं त्यात शब्द नव्हते, नुसती धडधड. केक निघाला, फेसाची बाटली निघाली, चमचमत्या कागदाचे तुकडे उडवणारी ती नळकांडी निघाली, आणि ते तुकडे वाऱ्याबरोबर सरळ चिखलात. एक मुलगी पक्ष्यांकडे मोबाइल धरून म्हणाली, ‘पिंक दिसतच नाहीयेत, फिल्टर लाव ना.’ बाळा, तो रंग अन्नातून येतो. पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन खाऊन तो पिसांत उतरतो. त्यांची पिल्लं राखाडी असतात, गुलाबी व्हायला काही वर्षं जातात. खाऊ द्या त्यांना, म्हणजे फिल्टर लागणार नाही. हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायची वेळ पुढे आली.

कारण मग ड्रोन निघाला.

ड्रोनबद्दल माझा सल्ला असा, की तो थव्याच्या बरोबर डोक्यावर न्यावा आणि... नाही, हे मला उपरोधाने लिहिता येत नाहीये. तो किर्र आवाज करत त्यांच्यावर गेला आणि सगळा चिखल एकदम उठला. शेकडो पंख. खालचा लाल-काळा रंग उघडा पडला, दिसायला देखणं होतं, खोटं कशाला बोलू. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. शिट्या मारल्या. पक्षी दोन फेऱ्या मारून पार पलीकडच्या काठाला गेले, ते आम्ही निघेपर्यंत परतले नाहीत. आईने काळा चष्मा काढून हातात धरला होता. ती एवढंच म्हणाली, ‘ताटावरून उठवलं गं त्यांना.’

मी त्या गृहस्थांकडे गेले. रिमोट त्यांच्याच हातात होता. म्हटलं, अहो, हे खाली घ्या, ते खात होते. ते म्हणाले, ‘काकू, पब्लिक प्लेस आहे.’ कानशिलांवरचे केस माझ्यापेक्षा पांढरे, आणि मी काकू! जाऊ दे. मग शिटी वाजली. मला वाटलं, आला बाबा सुरक्षारक्षक. तो आला तो थेट आईकडे. ‘मावशी, स्टूल अलाऊड नाही.’

घडीच्या स्टुलाला बंदी आहे, हे लक्षात ठेवा. फार उपयोगाची सूचना आहे.

परतताना लोकलचा मेगाब्लॉक. पुढचं सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे.

आता ऐका. पब्लिक प्लेस म्हणजे तुमच्या सोसायटीची गच्ची नव्हे. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, साधारण १,६९० हेक्टर. २०२२ पासून तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आहे. अभयारण्यावर ड्रोन उडवायला परवानगी लागते आणि ती वाढदिवसासाठी मिळत नाही. हे पक्षी कच्छकडून येतात, पावसाळ्याच्या तोंडाशी परत जातात, आणि मधल्या महिन्यांत त्यांना खायला मिळतं ते ओहोटीच्या त्या तासांत. भरती आली की ताट बंद. तुम्ही तीस सेकंदांच्या रीलसाठी त्यांची एक वेळ उपाशी मारलीत आणि वर टाळ्या वाजवल्यात. लाज नाही वाटली? चाळीशी ओलांडलेली माणसं तुम्ही, लहान मुलांसमोर! त्यातल्या एका पोराने कानांवर हात ठेवले होते, ते तुम्हाला दिसलं नाही, मला दिसलं. केकचा पुठ्ठा तिथेच, दोऱ्या तिथेच, फेसाची बाटली तर तिवरात फेकलीत. ती उचलायला कोण उतरणार गुडघाभर चिखलात? उधाण आलं की ती परत येईलच, आणि तेव्हा तुम्हीच नाक मुरडाल, मुंबई किती घाण झाली म्हणून.

आणि तो स्पीकर. तुम्हाला शांतता सोसत नसेल तर घरी बसा. घरात टीव्ही आहे, मिक्सर आहे, वरच्या मजल्यावर कुणाचं तरी फ्लॅटचं काम चालू असेलच. मजा करा.

पुढच्या रविवारी सकाळी पुन्हा ओहोटी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आहे. मी कोष्टक पाहिलंय. आई येणार आहे, दोनशेच्या पुढे मोजायला. तुम्ही येऊ नका.