परदेशातून: वरवंटा आणि बाळ येशू

ब्रिटनमधल्या मेथॉडिस्ट चर्चकडे आधुनिक चित्रांचा संग्रह आहे. १९६०च्या दशकात सुरू झालेला हा संग्रह गावोगावच्या चर्चमधून फिरतो. त्यातलं चित्रकार ज्योती साहींचं ‘दलित मॅडोना’ (मॅडोना म्हणजे बाळ येशूसह मरिया) पाहिल्यापासून मला सारखं नंदुरबार जिल्ह्यातलं आमचं नवापूर आठवतंय.

साहींचा जन्म १९४४चा, पुण्यातला. लंडनला कला शिकून ते बंगळुरूजवळ सिल्वेपुरा गावी राहिले. चित्रं काढली आणि लोकप्रतीकं व ख्रिस्ती श्रद्धा यांवर पुस्तकंही लिहिली. या चित्रात मरिया म्हणजे वाटणाचा मोठा दगड आणि येशू हा त्यावर फिरणारा धाकटा दगड, तिचं बाळ. इथले लोक शेजारची पाटी वाचून ते समजून घेतात. आपल्याकडे तर बारशाला वरवंटाच बाळासारखा सजवून पाळण्याशी नेतात. खान्देशातल्या आजीला कसली पाटी लागणार?

पण हे चित्र आपल्या चर्चच्या भिंतीवर लावू देतील का? साडी, दिवा, कुंकू चित्रात आलं की वडील मंडळी म्हणतात, ही मूर्तिपूजेची वाट. बाहेरचे म्हणतात, ही धर्मांतराची युक्ती. त्यात धर्म बदललेल्या आदिवासींच्या सवलती काढा, ही मागणी डोक्यावर. अशा वेळी चित्रकला शिकलेल्या मावची किंवा पावरा ख्रिस्ती मुलानं काय रंगवायचं? सोनेरी केसांचा येशू रंगवला तर परका, आपल्यासारखा रंगवला तर संशयित. गोव्याच्या अँजेलो दा फोन्सेकांनी (१९०२–१९६७) मरियेला साडी नेसवली, तेव्हा त्यांच्याच माणसांचा रोष ओढवला. पुढे त्यांनी पुण्याच्या आश्रमात राहून काम केलं.

मला खटकतं ते हे: रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आपण अभंगाच्या चालीवर, टाळ-ढोलकीवर मोकळेपणानं गातो. कानाला चालतं ते डोळ्याला का चालू नये?

इथं या चित्रावरून कुणी भांडत नाही. पण श्रद्धेचं चित्र पाहून लोक रंगसंगतीबद्दल बोलतात आणि पुढे सरकतात. फारसं कुणाचं काही पणाला लागलेलं नसतं. त्यापेक्षा मला आपल्याकडचा वाद बरा वाटतो, फक्त तो चित्र समोर ठेवून व्हावा. येत्या नाताळात परवानगी काढून या चित्राच्या मोठ्या प्रती नवापूर, चिंचपाडा, धुळ्याच्या चर्चमध्ये लावाव्यात. शेजारी आपल्या पोरांचीही चित्रं हवीत. ज्यांना आक्षेप आहे त्यांनी तिथंच, त्या पोरांसमोर बोलावं.