समुद्र तापलाय हे खरं, पण मालवणात पाय कुणाचे आहेत?

मालवणच्या स्नॉर्कलिंगच्या रील्स मी हल्ली मासे बघायला उघडत नाही, पाय बघायला उघडतो. केशरी लाइफ जॅकेट, तोंडात नळी, हातात ब्रेडचा तुकडा आणि पाय मात्र खाली टेकलेले. कशावर? उभं राहणाऱ्याला वाटतं खडक आहे. पुष्कळदा ते जिवंत प्रवाळ असतं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या पहिल्या परिशिष्टात वाघ आहे, त्याच परिशिष्टात हेही आहे. वाघावर उभं राहून सेल्फी काढायला कोणी धजावणार नाही, पण प्रवाळ गुरगुरत नाही ना.

हे बोललं की ठरलेलं उत्तर येतं: "अहो, सगळा समुद्रच तापलाय, तिथे आमच्या दोन पायांनी काय होतंय?"

पहिला भाग खरा आहे, आणि भयंकर खरा आहे. प्रवाळ म्हणजे चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, रंग त्याचाच आणि अन्नाचा मोठा वाटाही तेच पुरवतं. पाणी वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तरी प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं. मग आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. प्रवाळ तेव्हा मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर वाचतं. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर केलं, आणि 2023 पासूनच्या त्या लाटेत जगातल्या 80 टक्क्यांहून अधिक भित्तिकांना (म्हणजे प्रवाळाच्या सांगाड्यांवर उभ्या राहिलेल्या समुद्रातल्या रांगांना) ब्लीचिंग होण्याइतकी उष्णता सोसावी लागली.

आता लक्षद्वीपकडे बघा. अगत्ती, कदमत, कवरत्ती. ना कारखाने, ना मोठी नदी, ना डोंगर कापून येणारा गाळ. तिथला मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या गळाने ट्यूना मारत आला, तोही भित्तिकेबाहेरच्या खोल पाण्यात, म्हणून भित्तिकेवर माजणारं शैवाल (पेशींतलं नव्हे, वेगळं) खरवडून खाणारे पोपट मासे तिथे टिकून राहिले. तरीही एका अभ्यासात दिसलं, की 1998 ते 2022 या काळात तिथलं जिवंत प्रवाळाचं आच्छादन साधारण 37 टक्क्यांवरून 19 टक्क्यांवर आलं. म्हणजे चांगलं वागूनही मार बसतोच.

पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. ब्लीचिंगशिवाय सहाएक वर्षं मिळाली, की प्रवाळ पुन्हा जोमाने वाढायला लागतं. लक्षद्वीपला फटके बसले 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये. मधली फट बारा वर्षांवरून सहा-आठ वर्षांवर आली. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाला पुढच्या तापाआधी अंगात थोडं रक्त भरायला जेवढी सवड मिळते, तेवढीच ही. मुंबईत बसून मला अरबी समुद्र थंड करता येणार नाही. पण या सवडीत प्रवाळाला कोण तुडवतं, कोण गाळाने गुदमरवतं, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. मालवणला आपण नेमकी ही सवडच वाया घालवतोय.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातलं सागरी अभयारण्य 1987 चं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. इथलं प्रवाळ लक्षद्वीपसारखं देखणं नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ, त्यामुळे इथे टिकलेत ते बहुतांशी गोलमटोल, चिवट प्रकार. पोराइटिससारखं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. फुटबॉलएवढा गड्डा दिसला तर तो तुमच्या धाकट्या भावंडापेक्षा वयाने मोठा असू शकतो. त्यावर नांगर पडला की खेळ खलास. त्यात कापलेल्या डोंगरांची लाल माती पहिल्या पावसात खाडीतून समुद्रात येते, तिच्याबद्दल तर कोणी रीलही करत नाही.

ब्रेड-बिस्किटांचं तर विचारूच नका. मासे भोवती जमावेत म्हणून टाकतात, आणि पट्टेरी मासे धावून येतातही. पण माशांनी ब्रेड खायचा नसतो, आपापलं नेहमीचं खाणं खायचं असतं. भित्तिकेवरचं शैवाल कोणी चरलं नाही, तर प्रवाळाच्या पिल्लांना बसायला जागा उरत नाही.

एका होडीवाल्याला मी विचारलं होतं, तुम्ही लोकांना सांगत का नाही? तो म्हणाला, "गिराईक घाबारता नि उभा रवता, तेका आमी काय करतलंव?" मला त्याचं पटतं. पोहता न येणाऱ्या माणसाला दोन मिनिटांच्या सूचना देऊन पाण्यात उतरवलं, तर तो पाय टेकणारच. दोष त्या घाबरलेल्या माणसाचा कमी, त्याला तिथे उतरवणाऱ्या व्यवस्थेचा जास्त. अभयारण्य झालं तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला, म्हणून आजही त्यांना नावं ठेवली जातात. पोटावर पाय येईल या भीतीने रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार, बोलला तर तो पर्यावरणाचा शत्रू, आणि आपण सुट्टीला जाऊन प्रवाळावर उभे राहिलो तर निसर्गप्रेमी!

थायलंडने मायाबे हा प्रसिद्ध किनारा जून 2018 मध्ये पर्यटकांना बंद केला. पैसा देणारा किनारा होता, तरी बंद केला. 2022 च्या सुरुवातीला उघडला तेव्हा होड्यांना समोरून यायला मनाई केली, धक्का मागच्या बाजूला बांधला. दरम्यान काळ्या टोकाच्या परांचे शार्क त्या उथळ पाण्यात परत आले होते. मालवण पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही, तिथे हजारो घरं यावर चालतात. पण नांगर टाकण्याऐवजी होड्या बांधायला कायमचे बोये, म्हणजे तळाशी पक्के केलेले तरंगते गोळे, बसवा. पाय टेकणार नाहीत एवढ्या खोलीवरच, तरंगत्या दोराला धरून स्नॉर्कलिंग करा. एका वेळी किती माणसं पाण्यात, हे ठरवा आणि पाळा. खायला घालणं बंद.

प्रवाळ उचलून दुसरीकडे लावण्याचं कौतुक मला फारसं नाही. मुंबईत कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीचं प्रवाळ 2020 मध्ये हलवलं, ते ठीकच, निरुपायाने केलेलं काम. पण जे जागेवर जिवंत आहे ते न तुडवणं कितीतरी स्वस्त पडतं.

दिवाळीच्या सुट्टीचं मालवणचं बुकिंग केलं असेल तर होडीवाल्याला आधीच विचारा: नांगर कुठे टाकणार, पाय टेकतील का? दोन माणसांनी विचारलं तर तो हसेल. पण रोज वीस जणांनी विचारलं, तर बोया बसवायचा खर्च त्याला लगेच परवडेल.